एकशे सव्वीस दिवसांचा उशीर

'अपरिहार्य कारणास्तव' हे दोन शब्द आमच्या बाईंच्या ऑफिसात कुणी लिहायचे नाहीत, अशी सक्त ताकीद होती. मला ती पहिल्याच आठवड्यात मिळाली. मी टाईप केलेला अर्ज बाईंनी चष्म्यावरून पाहिला, लाल पेनानं त्या दोन शब्दांवर आडवी रेघ मारली आणि विचारलं, "अपरिहार्य म्हणजे काय गं?"

"म्हणजे... टाळता न येणारं."

"मग ते काय होतं ते लिही की. ताप होता, ओढ्याला पाणी आलतं, नवऱ्यानं कोंडून घातलं होतं, काय असंल ते लिही. अपरिहार्य कारण म्हणजे वकिलाचा आळस. जा, स्टेशनापर्यंत चालून ये. तोवर डोकं ठिकाणावर येईल."

मला वाटलं, गंमत करतायत. गंमत नव्हती. वडगावच्या कोर्टासमोरून स्टेशनापर्यंत आणि परत, काळा कोट घालून, मे महिन्याच्या उन्हात मी चालून आले. आले तेव्हा टेबलावर ताकाचा पेला झाकून ठेवलेला होता आणि बाई दुसऱ्याच कुणावर तरी चिडलेल्या होत्या.

बाईंचं ऑफिस पिठाच्या गिरणीच्या माडीवर होतं. गिरणी सुरू झाली की टेबल थरथरायचं. कागदांवर पिठाची बारीक पूड बसायची. हायकोर्टात गेलेल्या आमच्या कित्येक फायली झटकल्या तर एक भाकरी नक्की निघाली असती. बाई साठीच्या पुढच्या, बुटक्या, सडपातळ. पांढरी साडी, काळा कोट आणि पायात शाळेतली मुलं पीटीला घालतात तसले कॅनव्हासचे पांढरे बूट. कोटाच्या उजव्या खिशात भाजलेल्या शेंगा असायच्या. कोर्टाचं दार उघडायच्या तासभर आधी त्या पायरीवर येऊन बसत, शेंगा सोलत आणि टरफलं जुन्या पाकिटात गोळा करत. न्यायाधीश गाडीतून उतरले की त्यांना रोज दिसणारा पहिला माणूस म्हणजे बाई.

जन्म बेडशाचा. लेण्यांच्या पायथ्याच्या वस्तीतून कामशेतच्या शाळेत त्या पायी जायच्या. वस्तीतून वकील झालेली पहिली मुलगी. लग्न केलं नाही. लोणावळ्यात दोन खोल्यांत एकट्या राहायच्या आणि सकाळच्या गाडीनं वडगावला उतरायच्या. जमिनीचे दावे त्यांनी कधी घेतले नाहीत. "जमीन कुटं पळून जात न्हाई. पोर वाढतंय," एवढंच कारण त्या सांगत. त्यांच्याकडे फक्त मुलांच्या ताब्याच्या आणि पालकत्वाच्या केसेस. त्यातही इतर वकिलांनी नाकारलेल्या, म्हणजे मुदत उलटून गेलेल्या. निकाल लागला, अपिलाचे दिवस संपले, आणि मग कुणीतरी रडत येतं. त्याला सगळे सांगायचे, "माडीवर जा." बाररूममध्ये त्यांना 'उशीरवाल्या बाई' म्हणत. त्यांना ते माहीत होतं.

स्वतः मात्र आयुष्यात कधी उशिरा पोचल्या नाहीत. तळेगावला आमच्या एका कारकुनाच्या मुलीचं लग्न होतं. मुहूर्त बारा छत्तीसचा. बारा छत्तीसला बाई मांडवात हजर, आणि नवरदेव अजून वरातीत नाचतोय. बाईंनी रिकाम्या स्टेजवर अक्षता टाकल्या, आचाऱ्याला "वास चांगला येतोय" म्हणाल्या आणि परत निघाल्या. दुसऱ्या दिवशी कारकून रुसला होता. त्याला म्हणाल्या, "मी मुहूर्ताला आलते. लग्न आलं न्हाई, त्याला मी काय करू?"

इतकी काटेकोर बाई उशिरा येणाऱ्यांच्या बाजूनं जन्मभर कशी भांडली, याचं मला कोडं वाटायचं. एकदा विचारलंसुद्धा. शेंग फोडता फोडता म्हणाल्या, "उशीर कधी एकट्याचा नसतो. त्यात चार जणांचे हात असतात. ते चार जण हुडकायचे, हेच आपलं काम. आणि लक्षात ठेव, मुदत आईबापाची संपते. पोराची संपत न्हाई."

रंजनाताई आमच्याकडे आली ती दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी. चौतिशीची, काटकुळी, एका पायानं किंचित लंगडत. तिनं प्लास्टिकच्या पिशवीतून निकालाचे कागद काढले आणि टेबलावर न ठेवता हातातच धरून उभी राहिली.

भुशीला धरणाच्या वाटेवर ती कणसं भाजून विकायची. गर्दीचे दिवस संपले की लोणावळ्यात चिक्की पॅकिंगला जायची. नवरा टेम्पोवर ड्रायव्हर. त्याची पहिली बायको आजारात गेली, तेव्हा मुलगी अकरा महिन्यांची होती. रंजनाताई लग्न होऊन आली तेव्हा ती दीड वर्षाची झाली होती. ओवी तिचं नाव. पहिला शब्द 'आई' हिलाच उद्देशून बोललेली. ओवी सात वर्षांची असताना टेम्पो घाटात उलटला आणि बाप गेला. दिवस झाले तशी धाकट्या दिरानं पुतणीला तळेगावला नेलं, "चार दिवस राहू दे" म्हणून. ते चार दिवस संपलेच नाहीत. पुढं त्यानं पालकत्वासाठी अर्ज केला. तो रक्ताचा, पगारी, सोसायटीत फ्लॅट. ही सावत्र, भाड्याची खोली, हातावरचं पोट. कौटुंबिक न्यायालयानं दिराला पालक नेमलं. अपिलाला तीस दिवस होते. ते कधीच उलटले होते.

"बाई, मी तिला जन्म न्हाई दिला," रंजनाताई म्हणाली. "माझा हक्क हाय का न्हाई, तेवढं खरं सांगा. नसंल तर मी जाते."

बाई उठल्या, तिच्या हातातले कागद सोडवून घेतले आणि तिला खुर्चीत बसवलं. "हक्काचं मागनं बघू. आधी मला दिवस सांग."

मग सुरू झाला बाईंचा खरा उद्योग. कोर्टाला उशीर माफ करायला सांगायचा तर अर्जात दिवसादिवसाचं कारण द्यावं लागतं. बाकीचे वकील 'आजारपण' लिहून मोकळे होतात. बाई भिंतीवरचं कॅलेंडर काढून टेबलावर पसरत आणि प्रत्येक चौकटीत त्या दिवशी काय झालं ते लिहीत. अपील कधी दाखल करायचं ती तारीख त्यांनी आधी ठरवली आणि उलटं मोजत गेल्या. एकशे सव्वीस चौकटी भरायच्या होत्या, हातात आठवडाही नव्हता.

रंजनाताईला तारखा आठवेनात. तेव्हा बाईंनी मला आणि तिला रिक्षात घातलं आणि भुशी गाठली. गर्दी ओसरली होती. ताडपत्र्या बांधलेल्या चार-दोन गाड्या आणि भिजलेले काही पर्यटक. बाई कॅनव्हासच्या बुटांनी निसरड्या पायऱ्यांवर उभ्या राहिल्या आणि उलटतपासणी करावी तशा विचारू लागल्या. "तुझी गाडी हितं होती? मग वरती कधी नेलीस? कुणी हलवायला लावली? त्या दिवशी शनिवार होता का रविवार?" शेजारची मॅगीवाली, भजीवाला, छत्र्या विकणारी म्हातारी, सगळे गोळा झाले आणि आपापले दिवस सांगू लागले. एक पर्यटक बाईंसोबत फोटो काढायला आला. बाईंनी त्यालाही विचारलं, "तुमी ऑगस्टात आलता का?"

संध्याकाळपर्यंत चित्र उभं राहिलं. पहिल्या वकिलानं निकालाची नक्कल दोन महिने दिली नव्हती. दिली ती इंग्रजीत, "आता काही होत नाही" असं सांगून. मग बरेच दिवस हिला अपील नावाची गोष्ट असते हेच ठाऊक नव्हतं. भुशीला बंदोबस्तावर आलेल्या एका महिला पोलिसानं कणीस खाता खाता तिची हकीकत ऐकली आणि सांगितलं, "मावशी, वर जाता येतं की. वडगावला त्या माडीवरच्या बाईंना भेटा." त्याच आठवड्यात ही पायरीवरून घसरली. घोटा मोडला, प्लास्टर. त्याचे सरकारी दवाखान्याचे कागद होते.

एकशे पंधरा चौकटी भरल्या. अकरा रिकाम्या राहिल्या. प्लास्टर काढल्यानंतरच्या, घटस्थापनेच्या आदल्या दिवसापासून दसऱ्यापर्यंतच्या.

"या दिवसांत कुटं होतीस?" बाईंनी विचारलं.

रंजनाताई पदराच्या टोकाकडे बघत राहिली. "घरीच."

"घरी काय करत होतीस?"

"काय न्हाई. बसून होते."

ती गेल्यावर मी शहाणपणा केला. म्हटलं, "बाई, पाय दुखतच असणार. दवाखान्यातून आणखी दोन आठवडे विश्रांतीचा दाखला मिळाला तर प्रश्नच मिटेल. माझ्या ओळखीचे एक डॉक्टर आहेत."

बाई माझ्याकडे इतका वेळ बघत राहिल्या की खालची गिरणी थांबल्याचं मला तेव्हा जाणवलं. वाटलं, आता स्टेशन. पण त्या हळू आवाजात म्हणाल्या, "उद्या त्या पोरीला जज विचारतील, तुझी आई कशी हाय? आणि आपण तिच्या आईला पहिल्याच कागदावर खोटं बोलायला लावायचं? जा घरी. आज मला तुझं तोंड बघवत न्हाई."

चालायला लावलं असतं तर बरं वाटलं असतं. मी घरी जाऊन रडले.

दुसऱ्या दिवशी बाईंनी रंजनाताईला पुन्हा बोलावलं. काही विचारलं नाही. स्टोव्हवर पिठलं टाकलं, भाकऱ्या बाहेरून मागवल्या आणि तिघींची पानं घेतली. जेवण निम्मं झालं तेव्हा रंजनाताईचा घास हातातच थांबला.

"मी माहेरी गेलते, बाई. पवनेकडं. भावानं स्थळ आणलं होतं. मानूस बरा होता. पन पोरगी नको म्हनला, कोर्टकचेरी नको म्हनला. मी... मी व्हय म्हनले. ओवीला सोडायचं ठरवलं. अकरा दिस मी तिला सोडलीच होती, बाई. मनातनं."

मी बाईंकडे पाहिलं. बाईंनी तिच्या ताटात पिठलं वाढलं. "मग?"

"दसऱ्याच्या सकाळी भाचीची वेनी घालत होते. ती ओरडली, आत्या, ही कसली वेनी? बघते तर मी चार पेडाची घातली होती. आमच्या ओवीला तसलीच लागती, तीन पेडाची चालत न्हाई. हात थांबंचनात. मी वैनीला म्हनलं, माझं जमायचं न्हाई, आनि निघाले. भाऊ अजून बोलत न्हाई माझ्याशी." मग ती घाईघाईनं म्हणाली, "पन हे लिहू नका, बाई. लिहिलं तर कोर्ट म्हनंल, हिनं टाकलीच होती की पोरगी."

"कोर्ट काय म्हणंल ते कोर्ट बघंल," बाई म्हणाल्या. "जेव."

त्या दुपारी बाईंनी अर्जाचा तो परिच्छेद स्वतः लिहिला. मराठीत, साध्या पाच ओळींचा. रंजनाताईला तो तीनदा वाचून दाखवला. चौथ्यांदा तिनं मान हलवली आणि सही केली. सही करताना अक्षर वाकडं झालं म्हणून तिला पुन्हा रडू आलं.

हायकोर्टात आमच्या केसेस मुंबईचे एक मोठे वकील चालवत. बाई स्वतः तिथं कधी उभ्या राहिल्या नव्हत्या. इंग्रजीची त्यांना धास्ती होती, हे त्या कबूल करत नसत. मोठ्या वकिलांनी फायल वाचून फोन केला. स्पीकरवर मीही ऐकत होते. "बाई, हा अकरा दिवसांचा परिच्छेद काढा. हा म्हणजे समोरच्याच्या हातात काठी आहे. मी हे घेऊन उभा राहणार नाही."

"नका राहू," बाई म्हणाल्या आणि फोन ठेवला. मग बराच वेळ बोटानं टेबलावरची पिठी गोळा करत बसल्या. "मीच जाते," शेवटी म्हणाल्या. "फार तर हसतील."

सुनावणीच्या दिवशी आम्ही पहाटेच्या एसटीनं मुंबईला गेलो. बाई खिडकीशी बसून ओठांतल्या ओठांत इंग्रजी वाक्यं घोकत होत्या. रंजनाताई माझ्या खांद्यावर डोकं टेकून झोपली होती. त्या उंच छताच्या दालनात बाई उभ्या राहिल्या तेव्हा मेजाच्या वर जेमतेम खांदे दिसत होते. मागं कुणीतरी त्यांच्या बुटांकडे बघून खुसफुसलं.

समोरचे वकील चांगले तयारीचे होते. त्यांनी बाकी कशाला हात लावला नाही, नेमका तो परिच्छेद काढला. "अर्जदार स्वतः म्हणते की तिनं मुलीला सोडायचं ठरवलं होतं. उशिराचं कारण इच्छेचा अभाव हेच आहे. इच्छा नसणं हे पुरेसं कारण कसं होईल?"

दोन न्यायमूर्तींपैकी थोरल्यांनी बाईंकडे पाहिलं. बाईंनी घोकलेलं पहिलं इंग्रजी वाक्य म्हटलं, दुसरं म्हटलं, तिसऱ्याला अडखळल्या. मग बाईंनी हातातला कागद खाली ठेवला. "परवानगी असेल तर मी मराठीत सांगते."

थोरले न्यायमूर्ती हसले. "सांगा." शेजारच्यांच्या कानाशी वाकून ते मधूनमधून इंग्रजीत सांगत राहिले.

"हा परिच्छेद तुमच्याच विरोधात जातो, हे तुम्हाला कळत होतं ना?" त्यांनी विचारलं.

"कळत होतं, साहेब."

"तरी लिहिलात?"

"तिनं सांगितलं म्हणून लिहिला. खोटा दाखला मिळाला असता, दोन दिवसांचं काम होतं." इथं मी खाली बघितलं. "साहेब, ही एकटी बाई. नवरा गेलेला, पाय मोडलेला, भाऊ सांगतोय संसार कर, कागद सांगतोय तू कुणी नाहीस. अकरा दिवस तिला ते पटलं. कुणालाही पटलं असतं. बाराव्या दिवशी ती परत आली. जिला पोर सोडायची वाट मोकळी होती आणि जी तरी परत आली, तिला फक्त एवढंच हवंय की तिचं म्हणणं ऐकून घ्या. मुलगी कुणाकडं राहावी ते नंतर ठरवा. पण उशीर झाला म्हणून त्या मुलीला कुणी काही विचारायचंच नाही, असं नको."

एवढं बोलून बाई खाली बसल्या. न्यायमूर्तींनी सांगितल्याशिवाय बसायचं नसतं, हे त्यांच्या ध्यानात राहिलं नाही.

दोन्ही न्यायमूर्ती आपसांत थोडं बोलले. मग थोरले समोरच्या वकिलांना म्हणाले, "आमच्याकडे विलंबाचे अर्ज रोज येतात. सगळ्यांत सगळे आजारी असतात. एकशे पंधरा दिवसांचं कारण आम्हाला कदाचित पटलं नसतं. या अकरा दिवसांमुळे ते पटतंय." आणि त्यांनी विलंब माफ केला.

रंजनाताईला काही कळलं नव्हतं. ती माझी बाही ओढत होती, "काय झालं? काय झालं?" बाई व्हरांड्यात आल्या, कोटाच्या खिशातल्या उरलेल्या सगळ्या शेंगा तिच्या ओंजळीत ओतल्या आणि म्हणाल्या, "दार उघडलं गं, पोरी. आता आत जायचं." मग त्या त्या दगडी जिन्यावरून एकेक पायरी सोडून, साडी वर धरून, एखाद्या शाळकरी मुलीसारख्या उतरत गेल्या. आम्ही दोघी मागं धावत होतो. समोरचे वकील बाजूला होऊन उभे राहिले, आणि बाई जवळून गेल्या तेव्हा त्यांनी हात जोडले.

अपिलाला आणखी सात महिने लागले. न्यायमूर्तींनी ओवीला आपल्या चेंबरमध्ये बोलावून तिच्याशी अर्धा तास गप्पा मारल्या. ती काय बोलली ते आम्हाला कधी कळलं नाही. निकाल मात्र रंजनाताईच्या बाजूनं लागला. मुलगी आईकडे राहील, काकानं महिन्यातून दोन रविवार भेटावं. निकालात 'सावत्र' हा शब्द एकदाच होता, पहिल्या पानावर. पुढं सगळीकडे 'आई'.

दीर वाईट माणूस नव्हता. त्याला मूलबाळ नव्हतं, आणि गेलेल्या भावाचं तोंड त्याला त्या पोरीत दिसायचं. ठरलेल्या रविवारी तळेगावला सोसायटीच्या फाटकापाशी आम्ही तिघी गेलो. तो ओवीला घेऊन आला. दप्तर, कपड्यांची बॅग, सर्दीच्या औषधाची बाटली, सगळं नीट बांधलेलं. बाटली रंजनाताईच्या हातात देताना म्हणाला, "वहिनी, रात्री खोकते. गरम पाण्यातनं द्या." आणि तोंड फिरवलं. बाई त्याच्याजवळ गेल्या. "भाऊ, पुढच्या रविवारी दुपारी जेवायलाच या लोणावळ्याला. तिच्या घरी जमलं न्हाई तर माझ्याकडं." त्यानं मान हलवली.

रंजनाताई पुढं होईना. दीड वर्षात पोर वीतभर उंच झाली होती. मायलेकी चार हातांवर उभ्या होत्या आणि दोघींपैकी कुणाला कसं सुरू करावं ते कळत नव्हतं. शेवटी ओवीच पुढं आली. कमरेवर हात ठेवून, वर मान करून, चांगल्या करड्या आवाजात तिनं विचारलं,

"किती उशीर केलास गं, आई?"

रंजनाताईचे ओठ हलले. एकशे सव्वीस दिवसांची कारणं तिला तोंडपाठ होती. तिनं एकही सांगितलं नाही.

"चुकलं माझं," ती म्हणाली.

ओवीनं क्षणभर विचार केला. मग दप्तर खांद्यावर नीट चढवलं आणि आईचा हात धरला.

"बरं, असू दे. चल आता."

आणि ती आईला ओढत आम्हा सगळ्यांच्या पुढं स्टँडच्या दिशेनं चालू लागली.